लालीबाईचा ढावलो

मोहझरी तांडा, ता. पुसद
३ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप इंद्रजीतकाकांना,
पुष्पाचा साष्टांग नमस्कार.

काल तुम्ही बोलता बोलता फोन ठेवून दिला, म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते मान्य होत नाही. कागदावर निदान माझं वाक्य तरी पुरं होईल.

काका, तुमचं ‘वाकडा ओढा’ मी तीन वेळा वाचलंय. आमच्या तांड्यावर कुणीतरी पुस्तक लिहिलं याचा अभिमान मला तुमच्याइतकाच आहे. म्हणून तर आमच्या हौशी मंडळानं यंदाच्या जिल्हा नाट्यस्पर्धेसाठी तेच निवडलं. पण दोनशे पानांचं बालपण दीड तासात बसवायचं आहे. ओढा रंगमंचावर येत नाही. मोहाचं झाड येत नाही. आणि खरा बैल तर अजिबात येत नाही, कारण यवतमाळच्या त्या नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्या नानाजींनासुद्धा चढवत नाहीत.

नानाजी म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. शेजारच्या गावचे कुणबी, कापूस-तुरीचे शेतकरी, नाटकाचं वेड असं की पेरणी सोडून तालमीला येतील. पण सध्या सोयाबीन काढणी चालू आहे. बाकीचे नट शेतात, मी शाळेच्या व्हरांड्यात, आणि तुमचे वडील म्हणजे आमचे आजोबा, नाटकात त्यांचं काम करणारा पूनमसिंग टिप्पर घेऊन कुठल्या रस्त्यावर आहे ते देवाला ठाऊक. काल तालमीला मी, नानाजी आणि एक कुत्रं होतं.

एक मात्र मी कापलेलं नाही आणि कापणारही नाही. शेवटचा प्रवेश. लालीआत्याचं लग्न, बैलावर उभी करून तिची पाठवणी, तिचा ढावलो. नानाजींना समजावून सांगावं लागलं की आम्हा बंजाऱ्यांत नवरीनं नुसतं रडायचं नसतं, गाऊन रडायचं असतं. बापाच्या, आईच्या, भावाच्या गळ्यात पडून, एकेकाला हाक मारत. लग्न ठरलं की जाणत्या बाया मुलीला ते रडणं शिकवतात.  ऐकून म्हातारा म्हणाला, “पुष्पाताई, बाकी नाटक पडलं तं पडू द्या, पन हे उभं करा.”

तर काका, मला शब्द हवेत. पुस्तकात तुम्ही दोन ओळी देऊन पुढे टिंबं टाकली आहेत. टिंबं काही गाता येत नाहीत.

तुमची,
पुष्पा

*

नाशिक
११ ऑक्टोबर २०२३

चि. पुष्पास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. भाषा मास्तरणीला शोभणारी आहे, काकाला लिहिताना शोभणारी नाही. असो.

ओढा नसेल तर नाटकाचं नाव ‘वाकडा ओढा’ कशाला ठेवता? ‘कोरडा व्हरांडा’ ठेवा. निळं कापड दोन बाजूंनी हलवलं की ओढा होतो, आम्ही शाळेत असताना करत होतो. मोहाचं झाड काढलंस, म्हणजे माझ्या आईचं मोहफुलं वेचणं गेलं. उद्या म्हणशील इंद्रजीतही नको, त्याच्या जागी निवेदक घेऊ.

शेवटाबद्दल मात्र आपलं जमलं, आणि म्हणूनच नीट ऐक. त्या दिवशी मी आठ वर्षांचा होतो. सगळा तांडा गोळा झालेला. लालीबाई बैलाच्या पाठीवर उभी राहून गात होती, रडत होती. बैल ओढ्याकडे वळला, तेव्हा तिनं मागे बघितलं आणि ती हसली. रडता रडता हसली. त्या हसण्यावर मी सगळं पुस्तक उभं केलं आहे. आमचं गरिबीतलं, पण समाधानाचं जग त्या एका हसण्यात आहे. नाटक तिथेच संपलं पाहिजे. ती हसते, बैल जातो, अंधार. त्यात तुझी कात्री चालणार नाही.

शब्द मला आठवत नाहीत. चाल आठवते, पण ती कागदावर कशी लिहू? लालीबाईलाच आणून घे ना. पांढरकवड्याहून पुसद काही विलायत नाही. मला तिला भेटून बरीच वर्षं झाली, पण पुस्तक निघालं तेव्हा पहिली प्रत तिलाच पाठवली होती, सही करून. उशाशी ठेवून झोपत असेल बिचारी.

तुझा,
इंद्रजीतकाका

*

मोहझरी तांडा
२६ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

आत्याला घेऊन आले. तिचे दोन्ही मुलगे सोडायला तयार नव्हते. कापूस फुटलाय, घरी लहान पोरं, म्हातारी गेली तर चूल कोण बघणार, म्हणून. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई अजून दोन्ही सुनांच्या चुली बघते. मी म्हटलं, “बाबांनो, नाटक होईपर्यंत द्या.” लग्नात उसनी भांडी मागावीत तशी मागून आणली.

पुस्तक उशाशी नव्हतं काका. कपाटावर होतं, तुम्ही पाठवलं त्याच प्लॅस्टिकमध्ये. तिला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि वाचून दाखवावं असं कुणाला सुचलं नाही. इथे आल्यावर मी तिला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग विचारलं, “मी हासली असं लिवलं का त्यानं?”

मी म्हटलं, “हो, मागे वळून.”

“हासत नव्हती वं मी. तो बैल हालला ना. पडते का काय म्हून दात आवळले होते. त्या पोराले दात दिसले, बस.”

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती म्हणाली, “जायचंच नव्हतं मले. पन हे कोनाले सांगाव? सारेच गाऊन राह्यले होते.”

आता तालमीचं. नवरी म्हणून बबिता घेतली आहे. धनसिंगभाऊची मुलगी, पुसदला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गळा गोड आहे. रोज संध्याकाळी आमच्या अंगणात आत्या तिला ढावलो शिकवते. पोरगी पटापट उचलते. ऐकायला शेजारच्या बाया येऊन बसतात, रडतात, डोळे पुसतात आणि चहा मागतात. साखर मी दुकानातून दोनदा आणली.

एक अडचण आहे. आत्या म्हणते, भाऊ समोर नसेल तर भावाचा ढावलो कसा गायचा? नानाजी उभे राहायला तयार होते. तिनं त्यांना खालून वर बघितलं आणि म्हणाली, “परक्या मानसाच्या गळ्यात मी कायले पडू?” बाबा गेल्यापासून तिला भाऊ तुम्हीच, म्हणून तिची इच्छा आहे की प्रयोगाला तुम्ही यावं. नऊ डिसेंबर, शनिवार, यवतमाळ. येणार ना?

पुष्पा

*

नाशिक
४ नोव्हेंबर २०२३

चि. पुष्पास आशीर्वाद.

लालीबाई आता म्हातारी झाली. साठ वर्षांपूर्वी ती हसली की दात आवळले, हे तिला काय आठवणार? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आठ वर्षांच्या मुलाची दृष्टी निर्मळ असते, तिच्यात खोट नसते. प्रस्तावनेत मी हेच लिहिलं आहे. तू त्या हसण्याला हात लावू नकोस, एवढंच.

बबिताची निवड चांगली. आमच्या तांड्याचीच मुलगी आमच्या तांड्याचं दुःख गाते, हे मला आवडलं. नाशिकच्या मित्रांना सांगितलं तर त्यांचे डोळे पाणावले. नाहीतर इथल्या लोकांना बंजारा म्हटलं की आरशाचे कपडे आणि होळीचा नाच, एवढंच दिसतं.

प्रयोगाला येण्याचं बघतो. इथे त्याच सुमारास एक साहित्याचा कार्यक्रम आहे आणि मला अध्यक्ष केलं आहे. शिवाय खरं सांगायचं तर अर्धवट ओढ्याचं नाटक बघण्याची हौस मला नाही.

पण मी अगदीच कोरडा माणूस नाही. दिवाळीनिमित्त मंडळासाठी पाच किलो गूळ पाठवत आहे. चांगला आहे, रसायन नसलेला. ओळखीचा ट्रक पुसदला जातोय, त्याच्याबरोबर नानाजींच्या नावानं येईल. सगळ्या कलाकारांना आणि तांड्यातही वाटा. बबिताच्या नावानं वाटा, म्हणजे पोरीला उत्साह येईल. सोबत चिठ्ठीही घातली आहे.

इंद्रजीतकाका

*

मोहझरी तांडा
१७ नोव्हेंबर २०२३

काका,

नमस्कार. सगळं खड्ड्यात गेलं.

तुमचा गूळ ऐन दिवाळीत आला. नानाजींनी तो मोठ्या हौसेनं डोक्यावर घेतला, तांड्यात आणला, समाजमंदिरासमोर फोडला आणि घरोघर वाटला. वर तुमची चिठ्ठी वाचून दाखवली: “बबिताच्या नावानं घ्या होऽ, बबिताच्या नावानं!” त्या बिचाऱ्या कुणबी माणसाला काय माहीत? पण काका, तुम्हाला तर माहीत होतं! तुमच्याच पुस्तकात नवव्या प्रकरणात लिहिलंय, सोयरीक ठरली की तांड्याच्या नायकासमोर गूळ वाटतात, तो खाल्ला की मुलगी दिली. अख्खं प्रकरण आहे. ‘गुळाची गोडी’ असं त्याला नावही दिलंय तुम्ही!

आधीच तांड्यात कुजबुज होती. रोज संध्याकाळी पोरगी आत्याजवळ बसून ढावलो शिकते म्हटल्यावर बायांना वाटणारच की कुठेतरी ठरलं. मला हे सुचायला हवं होतं. मी इथे राहते, रोज त्या बायांना चहा पाजते, त्या रडत होत्या म्हणजे गळ्यावर खूश आहेत असं मी समजत होते. त्या लग्नाचं रडत होत्या. आणि वरून गूळ! नायकानंही खाल्ला. म्हणाला, “बेस झालं धनसिंग, पन आम्हाले बोलावलं नाही बैठकीले.”

धनसिंगभाऊ तसाच माझ्या दारात. “पुष्पाबाई, माही पोरगी कोनाले देली मले सांगा तं खरं. बाप मी हाओ.” मी हात जोडले. दिग्रसकडच्या एका तांड्यात बबिताचं बोलणं चाललं होतं. त्यांना कळलं की मुलगी दुसरीकडे दिली, गूळसुद्धा वाटून झाला. ते चारजण मोटारसायकलवर आले, पाणीसुद्धा न पिता बोलून गेले. धनसिंगनं तिथल्या तिथे बबिताला घरात घेतली आणि मला सांगितलं, “आता ह्या पोरीच्या तोंडून गानं निंगालं तं तुमच्या नाटकाचं छप्पर मी खाली आनतो.”

छप्पर नाहीच आहे म्हणा आपल्याकडे. पण नवरी गेली. प्रयोग तीन आठवड्यांवर आला आणि ज्या प्रवेशासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यात नवरीच नाही. आत्या नुसती बसून आहे. परवा मला म्हणाली, “नवरी नाही तं मले पोचवून दे.” 

गूळ चांगला होता, असं सगळे म्हणतात.

पुष्पा

*

नाशिक
२३ नोव्हेंबर २०२३

चि. पुष्पास आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण सगळं माझ्या माथी मारू नकोस. गूळ मी दिवाळीचा म्हणून पाठवला. चिठ्ठीत ‘दिवाळीनिमित्त’ असा शब्द स्पष्ट आहे. तो नानाजींनी वाचला नाही, याला मी काय करू? पन्नास वर्षं नाशिकला राहिल्यावर गूळ हा गूळच वाटायला लागतो.

मी धनसिंगला स्वतः पत्र लिहिलं आहे. त्याला समजावलं आहे की कलेला असले आडपडदे नसतात आणि बबिता मला मुलीसारखी आहे. लिहिलेलं त्याला पटेल. नायकालाही वेगळं लिहिलं आहे.

नाहीच पटलं तर पुसदची कोणतीही मुलगी घे. कॉलेजात नाटकवाल्या मुली असतात. ढावलो गाता येत नसेल तर मागून कुणीतरी म्हणावं, तिनं फक्त बैलावर उभं राहावं आणि हसावं. शेवटी महत्त्वाचं तेच आहे.

लालीबाईला इतक्यात पोचवू नकोस. सोबतीला राहू दे.

इंद्रजीतकाका

*

मोहझरी तांडा
२९ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमचं पत्र धनसिंगला मिळालं. पुतण्याकडून त्यानं ते पारावर वाचून घेतलं. ‘बबिता मला मुलीसारखी आहे’ ऐकून एकजण म्हणाला, “म्हंजे नाशिकलेच देली वाटते.” कृपा करून आता कुणालाही पत्र लिहू नका. मला लिहा, माझी कातडी जाड झालेली आहे.

नायकानं बैठक बसवली. मी तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की गूळ दिवाळीचा होता आणि ढावलो नाटकाचा होता. एक म्हातारा म्हणाला, “नाटकाचं रडनं आनि खरं रडनं, शिकवतांनी तं सारखंच दिसे बाई.”  शेवटी तोडगा निघाला. बबिता रंगमंचावर येणार नाही, पण पडद्याची दोरी ओढायला आली तर बापाची हरकत नाही. पोरीनं तेवढ्यासाठी दोन दिवस जेवण सोडलं होतं.

पुसदच्या कॉलेजच्या दोन मुली बघितल्या. एक ढावलो सिनेमातल्या गाण्यासारखा गाते. दुसरीला बैलाची भीती वाटते, आणि तो बैल बांबूचा आहे, वर बारदान, खाली नानाजींच्या जुन्या हातगाडीची चाकं.

मग परवा तालमीत मी डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा आत्या उठली. पदर डोक्यावर घेतला, त्या बारदानाच्या बैलाजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मीच करतो.” मी म्हटलं, “आत्या, नवरी तेरा वर्षांची आहे.” ती म्हणाली, “मी बी होती.”

काका, तिनं नुसतं सुरू केलं आणि पूनमसिंग, जो तालमीत मोबाईल बघतो, त्यानं मोबाईल खिशात घातला. मी ठरवलंय. नवरी लालीआत्याच. लोकांना कळेल, नाही कळलं तर नाही कळलं.

पण भावाच्या जागी कोणीच नाही. ती परत परत विचारते, “इंदर येते का?” फक्त उभं राहायचं आहे तुम्हाला, एक वाक्यही नाही. तुमचा तो कार्यक्रम पुढेमागे करता येईल. या ना काका.

पुष्पा

*

नाशिक
३ डिसेंबर २०२३

पुष्पा,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? चौऱ्याहत्तर वर्षांची नवरी? लोक हसतील. तिला हसतील, मला हसतील, तांड्याला हसतील. ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही त्याला वाटेल आमच्यात म्हाताऱ्या बायांची लग्नं लावतात. मी आयुष्यभर ज्या गोष्टीला जपलं तिचा तू तमाशा करते आहेस.

मी येत नाही. अध्यक्षपदाचं निमित्त नाही सांगत, खरंच सांगतो, मला ते बघवणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर अजून ती मुलगी आहे, पिवळ्या ओढणीतली. तिच्या जागी पांढऱ्या केसांची बाई बैलावर चढताना पाहिली तर माझ्याजवळ काय उरेल?

नाव काढून घेत नाही, कारण पत्रिका छापून झाल्या असतील. पण शेवट मी लिहिला तसाच झाला पाहिजे. ती मागे बघते, हसते, बैल जातो, अंधार. लालीबाईला माझं नाव घेऊन सांग. माझं ती नेहमी ऐकत आली आहे.

इंद्रजीत

*

मोहझरी तांडा
११ डिसेंबर २०२३

तीर्थरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

प्रयोग झाला. बक्षीस नाही. आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं तुम्ही नीट वाचाल.

पहिला तास कसाबसा गेला. निळं कापड हलवून ओढा केला, तुमच्या समाधानासाठी. त्यात पाय अडकून पूनमसिंग पडला. नानाजींनी दिव्याचं बटण दाबलं तर पंखे सुरू झाले. समोर शंभर-सव्वाशे लोक, त्यात आपल्या तांड्याचे दोन टेम्पो भरून. धनसिंगभाऊ पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, पोरगी दोरी सोडून पुढे येते का बघायला. मी विंगेत उभी राहून फक्त घड्याळाकडे बघत होते.

मग शेवटचा प्रवेश. तुमचा निरोप मी आत्याला रंगमंचावर जायच्या आधी सांगितला होता, तुमचं नाव घेऊन. “मागे बघायचं, हसायचं, बैलाबरोबर तिकडे जायचं.” तिनं मान हलवली.

ती बाहेर आली तेव्हा मागच्या पोरांनी शिट्टी वाजवली. म्हातारी नवरी म्हणून हसले काहीजण. तुम्ही म्हणालात तसंच झालं, अर्धं मिनिट. मग तिनं पूनमसिंगच्या गळ्यात हात टाकला, म्हणजे आमच्या आजोबांच्या, आणि गायला लागली. आपल्या तांड्याच्या बायांनी एकदम पदर तोंडाला लावले. आपली गोरबोली ज्यांना येत नाही त्यांच्याही शिट्ट्या थांबल्या. ती बापाला म्हणत होती, गोऱ्हा विकताना तू त्याचे दात मोजले, पाय बघितले, गिऱ्हाईकाचं घर विचारलं. मला देताना काय विचारलं? हे तिनं बबिताला शिकवलं नव्हतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. ढावलोत प्रत्येक मुलीनं आपलं असं काही घालायचं असतं म्हणे. ते तिनं एवढी वर्षं ठेवलं होतं.

मग भावाची पाळी आली. समोर कुणी नव्हतं. तिनं इकडेतिकडे बघितलं. मला विंगेत रडू आलं, रागानंच आलं, तुमच्या. शेवटी तिनं त्या बारदानाच्या बैलाच्या मानेला मिठी मारली आणि तुमचं नाव घेऊन गायलं. काय गायलं ते मी लिहिणार नाही. ते तुमच्यासाठी होतं आणि तुम्ही नव्हता.

बांबूच्या बैलावर तिला चढवणं धोक्याचं, म्हणून आता तिनं त्याच्याबरोबर चालत डावीकडे जायचं होतं. सासर डावीकडे. नानाजी आत बसून बैल ढकलायला लागले. बैल निघाला. आत्या उभीच. मी विंगेतून म्हटलं, “आत्या, चल.” ती उभीच. बैल एकटाच विंगेत गेला. आत्यानं मागे बघितलं. हसली नाही. मोठ्यानं म्हणाली, “म कोनी जाऊं.” मग मराठीत पण म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून, “मी नाही जात.” आणि उलटी फिरून उजवीकडे गेली, जिथे आम्ही मातीची चूल मांडली होती, माहेरची. चुलीजवळ मांडी घालून बसली.

मी बबिताला खूण केली, पडदा टाक. तिनं दोरी हातात धरली होती, पण ओढली नाही. “राहू द्या मॅडम, बसू द्या ना तिले,” म्हणाली. किती वेळ गेला माहीत नाही. कुणीच टाळी वाजवली नाही. नाटक संपलं की नाही तेच कुणाला समजेना. मग पहिल्या रांगेतून धनसिंगभाऊ उठला, आणि मला वाटलं आता गेलं छप्पर. त्यानं तिथूनच हाक मारली, “बस वं माय. कोनी नाही धाडत तुले.”

परीक्षकांनी शेरा दिला: ‘शेवट मूळ आत्मकथनाशी प्रामाणिक नाही.’ तुम्हाला आवडेल म्हणून शब्दन् शब्द लिहिला. मी मात्र त्या दिवसापासून चिडून आहे. परीक्षकांवर, तुमच्यावर, नानाजींच्या पंख्यांवर. आणि माझ्यावरही, कारण महिनाभर मी तिच्याकडून फक्त गाणं काढून घ्यायला बघत होते.

पुष्पा

*

नाशिक
१६ डिसेंबर २०२३

चि. पुष्पास आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं.  राग आलेला आहे, एवढं नक्की. माझ्या पुस्तकाचा शेवट मी लिहिलेला आहे आणि तो माझा आहे. तिचा वेगळा असेल तर मला आजवर कुणी बोललं कसं नाही?

दुसरी गोष्ट. लालीबाईच्या मोठ्या मुलाचा काल फोन आला. ती अजून तुझ्याकडेच आहे. ते दोनदा जीप घेऊन आले, ती गेली नाही. त्यांना म्हणाली, मी माहेरी आलेय, भाऊ पोचवायला येईल तेव्हा जाईन. मुलगा मला म्हणतो, मामा, तुम्ही या आणि आईला पोचवून द्या, कापूस वेचायचा आहे, घर उघडं पडलंय. रीत तर तशीच आहे. माहेरवाशिणीला भावानंच पोचवायचं असतं.

म्हणून मी तेवीस तारखेला येतो. प्रयोगाला आलो नाही, आता हे तरी माझ्या हातून नीट होऊ दे. तिच्यासाठी साडी घेतली आहे. तिला तयार ठेव. आधी दोन दिवस राहीन, मग मीच तिला पांढरकवड्याला पोचवीन. ती काय गायली माझ्या नावानं, तेही मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

इंद्रजीतकाका

*

मोहझरी तांडा
१९ डिसेंबर २०२३

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमचं पत्र आत्याला वाचून दाखवलं. तुम्ही येताय म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम उजळला. मग मी पुढचं वाचलं, पोचवायचं.  तिनं विचारलं, तेवीस म्हणजे कोणता वार. शनिवार, मी म्हटलं. संध्याकाळी बघते तर ती आपलं लुगडं-पोलकं घडी करून पिशवीत भरत होती. जेवली नाही.

काका, इथे तिला काही काम नाही. सकाळी उन्हात बसते, बबिता येऊन तिच्याजवळ अभ्यास करते, दुपारी दोघी बोरं खातात. सुनांना, नातवंडांना विसरली असं नाही, पण म्हणते, “जराशी बसतो अजून.” मुलगे वाईट नाहीत, पण त्यांच्यापुढे तिच्याकडे एकच कारण आहे: भाऊ आला नाही. तुम्ही आलात की तिला जावं लागेल. रीत तुम्ही मोडणार नाही आणि तीही मोडणार नाही. नाटकात मोडली तेवढीच.

इतके दिवस मी तुम्हाला या या म्हणून लिहीत होते. आता हात जोडून सांगते, येऊ नका.

तिनं काहीही सांगितलेलं नाही. हे माझं मी लिहितेय.

पुष्पा

*

नाशिक
२३ डिसेंबर २०२३

चि. पुष्पास आशीर्वाद.

एसटीचं तिकीट रद्द केलं. साडी टपालानं पाठवतो आहे, या वेळी चिठ्ठी घातलेली नाही.

नाटकाचा शेवट मला अजूनही मान्य नाही. त्यावर आपण पुढे कधीतरी भांडू.

लालीबाईच्या दोन्ही मुलांना कळवलं आहे की मामाला डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. होळीपर्यंत तर नाहीच, पुढचंही काही सांगता येत नाही. रीतीप्रमाणे मीच येऊन तिला पोचवीन, तोवर तिला कुणी हलवू नये, असं बजावलं आहे. ते तुला डॉक्टरचं नाव विचारतील. माहीत नाही म्हण.

मी धडधाकट आहे. एवढं लालीबाईच्या कानात सांग, आणि दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

तुझा,
इंद्रजीतकाका